मागच्या सीटवरचं प्लास्टिक

सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. चिकलठाण्यात मेंढरं विकून चारचाकी घेणारा पहिला माणूस मी. सात वर्षं झाली, मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी काढू दिलं नाही. सीट मळू नये म्हणून घरचे पैठणला एसटीनं जातात आणि गाडी अंगणात गोधडी पांघरून उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्या गोधडीखालून आवाज आला, चुर्र. प्लास्टिकवर कुणी टेकावं तसा. गाडीला कुलूप, चावी माझ्या करदोट्याला.

पोळ्याला आवाज दोनदा आला. दिवाळीत तीनदा. आत बसणारे एसटीतल्यासारखं सरकून घेत असावेत.

परवा भाचा सांडू चहाला आला, त्याला हे सांगितलं. तो हसला. “मामा, मागं तिघंच मावतेत. चौथा आला तर?”

“तर तो पुढं बसल, माझ्या जागी. म्हणून तर मी गाडी चालवत नाय.”

“भिता व्हय?”

“भितो कशाला लेका? आज सकाळीच ते प्लास्टिक पुसून आलो.”

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. चुर्र. दोघांनीही मोजला. चारदा आला.

सांडूची बशी ओठांशीच थांबली.

आतून आमची म्हाळसाबाई कडाडली, “अवं, किती खोटं बोलता! ते प्लास्टिक मी पोळ्याआधी आखाडातच काढलं, तुम्ही घोरत होता तवा करदोट्याची चावी सोडून. परसातल्या सरपणावर झाकायला घातलंय ते!”