मेहुण्याचे साठ हजार

फ्रीजचा हप्ता, गाडीचा हप्ता, पतसंस्था आणि वर मेहुण्याचे साठ हजार. रामहरीचा पगार शेंद्र्याच्या कंपनीतून निघायचा आणि चिकलठाण्याला घरी पोचायच्या आत संपायचा. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं मिळून एकच कर्ज करा, डोक्याचा ताप जाईल." रामहरीला पटलं. त्याच्या बायकोलाही पटलं, पण एका गोष्टीवर सत्यभामा अडून बसली.

"बाकीचं खुशाल करा. माझ्या भावाचं त्यात घालू नका."

"त्याचंच तर आधी मिटवायचंय! शेकडा दोन रुपयानं व्याज लावतो, दाजी म्हणून दया नाय की माया नाय. त्याच्यापेक्षा सावकार परवडला."

"माझ्या माहेरचं नाव घ्यायचं काम नाय."

रामहरीनं तिच्यासमोरच कन्नडला मेहुण्याला फोन लावला. "कडुबा, तुझे किती राहिले ते सांग. एकरकमी तोंडावर फेकतो."

तिकडं कडुबा जरा घुटमळला. "दाजी, आता लपवून काय करू? पैसे ताईचेच हायेत, शिलाईचे. व्याज बी तिलाच पोचतं. मी निस्ता शिव्या खायला मधी."

रामहरीनं फोन ठेवला. "घरात पैसे होते, तर सरळ मला द्यायला काय धाड भरली होती?"

सत्यभामेनं शांतपणे मशीनच्या सुईत दोरा ओवला.

"दिले होते की, मागं दोनदा. ते धरले का तुमच्या त्या एका कर्जात?"