वॅक्सचे दोन हात

“पेस्ट की लिक्विड?” दुकानातल्या बाईंनी विचारलं.

ड्रायव्हरकाका गडबडले. चौतीस वर्षं बस चालवली, पण गाडी चमकवणं हे डेपोतल्या धुलाईवाल्यांचं काम. ‘गाडीचं वॅक्स द्या’ एवढंच ते घरून घोकून आले होते.

“फरक काय असतो हो?”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं, बाई निवांत होत्या. “लिक्विड बाटलीतलं. फडक्यावर घ्यायचं, फिरवायचं, पुसायचं. अर्ध्या तासात मोकळे. पण महिन्या-दीड महिन्यात चमक जाते. पेस्ट डब्यात येते, घट्ट. तिला अंगमेहनत हवी. सावलीत गाडी लावायची, एकेक भाग घ्यायचा, पातळ थर द्यायचा, पांढरट सुकू द्यायचा, मग पुसून काढायचा. खांदे भरून येतात, पण पुढे तीन-चार महिने बघायला नको.”

“आणि...” काकांनी आवाज खाली आणला. “एखादी रेघ असली तर?”

“ओरखडा? खोल आहे का?”

“माझ्या गाडीला नाही हो. एका मित्राच्या.”

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “बारीक असेल तर पेस्ट त्यात भरून बसते. दोन हात द्यायला सांगा मित्राला. डोळ्याला दिसणार नाही. नख फिरवलं तर मात्र लागेल.”

काकांनी डबा घेतला आणि पिशवीत तळाशी ठेवला.

ओरखडा मागच्या दारावर होता, चांगला वीतभर. मंगळवारी सकाळी तो काकांना दिसला. त्यांनी दिवस उलटे मोजले. रविवारी मुलगी आली होती. दोघं जेवली, काकांचा डोळा लागला, उठले तर चहा तयार होता. सोमवारी ते गाडी घेऊन वाचनालयात जाऊन आले. म्हणजे सोमवारीच. पण कुठे घासली? कशाला? काही म्हणजे काही आठवेना.

नोकरीत दोनदाच त्यांच्या हातून बस घासली होती. दोन्ही तारखा आणि दोन्ही खांब त्यांना आजही तोंडपाठ होते. मग कालपरवाचं कसं विसरलो? ओरखड्यापेक्षा या प्रश्नानेच त्यांची झोप उडवली.

वर मुलीची तंबी होतीच. “बाबा, एक ओरखडा दिसला ना, की चावी माझ्याकडे. मग रडायचं नाही.” मुलगी बोलेल ते करणारी. अगदी आईवर गेलेली.

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून काका रोज गाडी काढत. वाचनालय, बाग, कधी उगाचच स्टेशनबाहेरचा बाक. ओळख कुणाची नाही, पण चार माणसांचे आवाज कानावर पडत. गाडी गेली की उरणार घर आणि ते. आणि घर काही बोलत नाही. काकांना त्या शांततेची भीती वाटायची, अगदी लहान पोरासारखी.

बुधवारी मुलीचा फोन आला. “बाबा, गाडी काय म्हणतेय?”

“काय म्हणणार? उभी आहे.”

“काही सांगायचंय का मला?”

“मला? छे! काय सांगायचंय?”

“बरं,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर काका स्वतःशीच पुटपुटले, हिला कुणकुण लागली की काय!

शनिवारी ते सकाळीच कामाला लागले. एकटं मागचं दार चमकलं तर कुणालाही शंका येणार, म्हणून अख्खी गाडी घेतली. घाईत टप उन्हात राहिला आणि तिथली पेस्ट वाळून खडखडीत झाली. ती काढता काढता हात बधिर झाले.

“काका, गाडीचं लग्न ठरलं की काय?” शेजारी कुंपणावरून ओरडला.

“हो ना! येताय का जेवायला?”

शेजारी हसला. काकांनी त्याला पेस्ट आणि लिक्विडमधला फरक सगळाच्या सगळा समजावून सांगितला, अगदी बाईंच्या शब्दांत. त्याने पाच मिनिटं ऐकलं आणि घरात गेला. तेवढंच त्या दिवसभरातलं बोलणं.

संध्याकाळपर्यंत रेघ गेली होती. काकांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

रविवारी मुलगी आली ती घरात न शिरता थेट गाडीकडेच गेली. चक्कर मारली आणि मागच्या दाराशी वाकली. दारावरून तिने हळूच नख फिरवलं. काका पटकन पुढे आले.

“चमकवलीत की,” ती म्हणाली.

“कालचा पूर्ण दिवस! पेस्ट लावली. लिक्विड म्हणजे नुसतं वरवरचं काम.”

“हे दारही?”

“त्याला तर दोन हात दिले.”

“नीट बघून?”

“म्हणजे काय! इंच न् इंच बघितलाय. एक ओरखडा दाखव आणि चावी घेऊन जा.”

मुलगी सरळ उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने हात पुढे केला.

“बाबा, चावी द्या.”

“अगं, पण ओरखडा आहे कुठे?”

“मागच्या रविवारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी गाडी काढली, आणि आत घेताना फाटकाला घासली. सांगायचा धीर झाला नाही. आठवडाभर वाट बघतेय, आज ओरडाल, उद्या ओरडाल. आणि तुम्ही दिवसभर त्याच्यावरून हात फिरवलात, तरी तो तुम्हाला दिसला नाही.”