बाबा हरले तो दिवस

इटलीतल्या बोलोन्या शहरात, त्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझे बाबा वैद्य होते, पण जीव गणितात. म्हातारे बेर्नार्दो आणि ते लोकांसमोर एकमेकांना गणितं घालत होते. त्या काळी विद्यापीठातली नोकरी अशा सामन्यात जिंकावी लागे, आणि आमच्या घराला ती हवी होती.

बाबांच्या शेवटच्या गणितापाशी बेर्नार्दो अडले. लोक हसू लागले. बाबा मात्र त्यांच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे पाहत होते. उत्तर मिळाल्याशिवाय तो मानी माणूस खाली बसणार नव्हता.

"माझंच गणित चुकलंय, मी हरलो," म्हणत बाबांनी त्यांना बाकावर निजवलं आणि गळ्याची बटणं सोडली.

घरी येताना मी चिडले होते. "चुकलं नव्हतं ना? जरा थांबला असतात तर ते हरले असते."

"हरले नसते गं, गेले असते."

नोकरी बेर्नार्दोंना मिळाली. बरे झाल्यावर दर हिवाळ्यात ते आमच्याकडे जेवायला यायचे. "ते गणित बरोबर होतं, वैद्यबुवा," ते म्हणायचे. आई गालात हसत त्यांना सूप वाढायची. आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "छे हो, साफ चुकलेलं होतं."