म. मोहिते यांची कादंबरी

देवयानीनं मान वर केली तेव्हा समोर साठीचा एक माणूस ताठ उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेले केस.

"मी मोहिते," तो म्हणाला. "मुरलीधर मोहिते. आर्मीतून रिटायर झालो, सुभेदार होतो."

ती गडबडीनं उठली. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी ती गुरुग्रामच्या घरी बसून आलेली हस्तलिखितं वाचायची. 'म. मोहिते, दिल्ली कँट' एवढंच नाव असलेली ही कादंबरी तिनं दोन दिवसांत संपवली होती. वाऱ्याचा मुलगा आणि त्याच्या प्रेमात पडलेली सतरा वर्षांची इरा. लिहिणारी कॉलेजातली मुलगी असणार, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. म्हणून तर तिनं ईमेलवर भेटीसाठी दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसचं कँटीन सुचवलं होतं. मेट्रोनं यायला सोपं.

"बसा ना, काका. खरं सांगू? मला वाटलं होतं..."

"वाटणारच." त्यांनी दोन चहा सांगितले आणि खिशातून छोटी डायरी काढली. "चांगलं काय, कमी काय, दोन्ही सांगा. फौजी माणूस आहे, वाईट वाटून घेणार नाही."

"चांगलं खूप आहे. तो मुलगा नावानं हाक मारली तरच दिसतो. आणि हाक मारायच्या आधी दर वेळी इरा थोडी घाबरते, आज नाही दिसला तर? असं मी कुठंच वाचलं नव्हतं. तुम्हाला हे सुचलं कसं?"

"घाबरते," त्यांनी लिहून घेतलं. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

देवयानीला गंमत वाटली. "आता कमी. मधल्या लढाया लांबल्यात. तीन आहेत, एक पुरे. आणि सुभेदारांच्या मानानं जरा कच्च्याच आहेत, हं."

तेही हसले. "हो, अगदीच कच्च्या आहेत."

"शिवाय दहलीज. पानोपानी दहलीज. तुम्हाला उंबरठा हा शब्द आठवू नये?"

"ते राहू द्या."

"पण काका..."

"एका बोटानं टाइप केलंय, ताई. चार महिने लागले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ते तसंच राहू द्या."

लेखक हळवे असतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं विषय सोडला.

"मोठा दोष एकच आहे. इराचा बाप."

डायरीवरचं पेन थांबलं.

"तो मुलीला खोलीत कोंडतो. एकोणीस दिवस. ती आतून हाका मारते, हा बाहेर बसून ऐकतो आणि दार उघडत नाही. का? आधी शंभर पानं तिचे लाड करणारा माणूस! पटतच नाही. पोरं इथं पुस्तक मिटतील. त्याला काहीतरी कारण द्या. एक प्रकरण त्याच्या बाजूनं लिहा."

"कारण द्यायलाच हवं?"

"हवंच. कुठला बाप असं वागतो?"

मोहित्यांनी डायरी मिटून खिशात ठेवली. चहावर साय धरली होती.

"चार वर्षं शोधतोय," ते म्हणाले. "अजून सापडलं नाही."

"अच्छा! म्हणजे चार वर्षं लिहिताय तुम्ही?"

"लिहिलंय माझ्या मुलीनं, मयुरानं. घर सोडून गेली तेव्हा वही मागं ठेवून गेली." ते उठले आणि खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. "बापाच्या बाजूचं प्रकरण मला नाही जमायचं, ताई. ते एकोणीस दिवस दाराबाहेर मी होतो."