सात लाल ओळी

"एकच शब्द तर वाढवायचाय. वाढव आणि मोकळा हो," साहेब म्हणाले.

भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर सात ओळी लाल झाल्या होत्या. एकेक ओळ म्हणजे रुग्णालयाचा एकेक लांबचा दवाखाना, आणि प्रत्येकीपुढे तीच तक्रार: डिफॉल्ट रूट गायब. म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट नाही. सकाळी कुणाच्यातरी खोदकामात मुख्यालयाची केबल तुटली, आणि तेव्हापासून मुख्य राउटरने दवाखान्यांना 'बाहेर जायचं ते माझ्याकडून जा' असे सांगणे थांबवले होते.

"त्यालाच वाट उरली नाही, साहेब. म्हणून तो सांगत नाहीये," नेटवर्क सांभाळणारा तरुण खालच्या आवाजात म्हणाला. "आणि तो गप्प आहे म्हणूनच दवाखाने आपापल्या राखीव लाइनवर गेलेत. त्यांचं काम चालू आहे. त्याच्या आज्ञेत 'ऑलवेज', म्हणजे 'नेहमी', हा शब्द घातला, तर वाट नसतानाही तो आहे म्हणत राहील. सगळे त्याच्याकडे येतील आणि इथेच अडकतील."

"अर्ध्या तासात तपासणीची मंडळी येताहेत. त्यांच्यापुढे माझं नाक कापायचंय का तुला? केबल जोडेपर्यंत हिरवं दिसू दे, बस."

त्या तरुणाला वाद घालता येत नसे. बोलायचे ते ओठांपर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. त्याने तो शब्द टाइप केला. सातही ओळी हिरव्या झाल्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली. ती शर्टाच्या आत कातडीला चिकटून राहिल्यासारखी त्याला वाटली.

थोड्याच वेळात फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर घेतला. पलीकडे सर्वांत दूरच्या दवाखान्यातली सिस्टर होती.

"दादा, डोक्याचा स्कॅन मघाशी छान जात होता, तो निम्म्यावर थांबलाय. तिकडे बाहेरगावी मेंदूचे डॉक्टर त्याची वाट बघताहेत. पेशंट शुद्धीवर नाही."

"इथे सगळं हिरवं आहे, सिस्टर," साहेबांनी मध्येच तोंड घातले. "तुमच्याकडचंच काहीतरी असणार. मंडळी जाईपर्यंत जरा कळ काढा."

"मी काढते हो. पेशंटला कोण सांगणार?"

तरुणाच्या कानशिलांत रक्त चढले. एका यंत्राने इमानाने तोंड मिटले होते, आणि त्याने स्वतःच्या बोटांनी त्याला खोटे बोलायला लावले होते. कुणालाही न विचारता त्याने तो शब्द पुसला.

एकामागून एक ओळी लाल झाल्या. साहेबांचा चेहराही.  फोनवर सिस्टर म्हणाली, "स्कॅन हलला. सत्तर टक्के... नव्वद... पोचला, दादा. ठेवते, डॉक्टरांचाच फोन येतोय."

"कुणाला विचारून केलंस?" साहेबांनी दात आवळून विचारले. "लेखी दे मला. तांत्रिक बिघाड झाला, तुझ्या हातून झाला, असं लिही. आत्ता, इथेच."

त्याने कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिले: 'वाट नसताना ती आहे असे सांगण्याचा हुकूम मी अकरा वाजून आठ मिनिटांनी पाळला. अकरा वाजून चौदा मिनिटांनी मोडला.' खाली सही केली. 

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "यात बिघाड कुठे लिहिलायस?"

"पहिल्या वाक्यात, साहेब."

बाहेर तपासणीच्या मंडळींची पावले वाजली, कुणीतरी मोठ्याने हसले. साहेबांनी एकदा कागदाकडे पाहिले, एकदा फलकाकडे. मग टाय छातीशी धरून ते वाकले आणि त्यांनी फलकाचा प्लग भिंतीतून उपटला.