हाय न्हवं?

"हाय न्हवं?"

हातमाग थांबला आणि आतून आवाज आलाच.

रेवणप्पाचं डोकं फिरलं. धोट्यातली सुताची कांडी संपली होती, ती बदलायची, एवढंच. तेवढ्यातही हिला दम निघत नव्हता.

"न्हाय! मेलो! उचलायला चार माणसं बोलव!" मागाच्या खड्ड्यात बसूनच तो ओरडला.

आत त्याच्या बायकोचा, सुंदरम्माचा, कांड्या भरायचा रहाट पुन्हा कुरकुरू लागला.

पोळ्यापासून बाईला ही खोड लागली होती. माग खटखटत असला की गप्प. हात थांबला रे थांबला की, हाय न्हवं? पाणी प्यायला थांबा, हाय न्हवं? तुटला धागा जोडायला थांबा, हाय न्हवं? अरे, घरात नवरा आहे का गिरणीतला हजेरीचा गडी? इंग्रजांच्या मार्शल लॉत दारोदार फिरणारे शिपाईसुद्धा इतकं विचारत नव्हते!

रेवणप्पाने तिचा डाव ओळखला होता. त्याने घटकाभर पाठ टेकलेली तिला खपत नव्हती. आणि स्वतःचं काम? भातात खडे. परवा तर हिरव्या कांड्यांच्या टोपलीत निळ्या भरून ठेवल्या. "लक्ष कुटं असतं तुजं?" म्हणून तो अंगावर धावला, तर म्हणे, "चुकलं." बस्स. जीव नुसता जळत होता.

त्या दिवशी तिचा भाऊ संगप्पा अक्कलकोटकडून बैलगाडी घेऊन बाजाराला आला होता. बाजार उरकून तो बहिणीच्या दारात टेकला. रेवणप्पाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"संगप्पा, हिला घिऊन जा."

"का वो दाजी? काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? कान किटले माजे! गिरणीचा दुपारचा भोंगा व्हईस्तोवर हिनं पुन्हा एकदा जरी 'हाय न्हवं' केलं, तर गाडीत घालून न्यायची. कायमची."

सुंदरम्मा दाराची चौकट धरून उभी होती.

"न्हाय विचारणार," ती म्हणाली. "पर मला हितनं घालवू नगा."

रेवणप्पाला दया नाही आली, उलट रागच आला. एवढं तोंड आवरता येत होतं, तर आधी का नाही आवरलं? ढोंगी कुठली!

संगप्पा मान खाली घालून बाहेर गाडीपाशी गेला. रेवणप्पाने माग सुरू केला. लुगड्याचा काठ चांगला उतरत होता, पण त्याचं मन त्यात नव्हतं. ती कधी चुकते, याचीच तो वाट बघत होता.

भोंग्याची वेळ होत आली. त्याने मुद्दाम हात थांबवले. धोटा बाजूला ठेवला आणि श्वास रोखून बसला.

घर शांत झालं. आतला रहाटही थांबला. आता विचारणार! त्याने मनाशी पैज मारली.

पण आवाज आला नाही. सुंदरम्माच बाहेर आली. भिंतीला लागून हळूहळू चालत मागापाशी आली आणि त्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर उभी राहिली. दारातून आलेलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. तिचे ओठ हलले. तिने पटकन पदराचा बोळा तोंडात धरला.

रेवणप्पा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. तीही समोर बघत होती. नजर खाली नाही, की पापणी हलत नाही. एवढा माज! त्याच्या हाताच्या मुठी वळल्या.

भोंगा झाला.

सुंदरम्माने पदर सोडला आणि दाराकडे तोंड केलं.

"संगप्पा," तिने हाक मारली, "तुजे दाजी घरात न्हाईत रं. आले की सांग त्येंना, मी एकदाबी विचारलं न्हाय."