अडीच वाजताचे तीन सूर्य

"रात्री अडीच वाजता," लेखक माइक तोंडाशी धरून म्हणाला, "मी आकाशात तीन सूर्य पाहिले. या डोळ्यांनी! तिथून ही कादंबरी सुरू झाली."

वाचनालयाच्या सभागृहातल्या चाळीस होतकरू लेखकांनी ते वाक्य पटापट उतरवून घेतलं. शिबिराचा विषय फळ्यावर होता: निसर्गातली नवलं आणि अद्भुतकथा. शेवटच्या रांगेत लेखकाच्या थोरल्या वहिनी बसल्या होत्या. बत्तीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक होत्या आणि इथे कुणी न बोलावता आल्या होत्या.

लेखक रंगात आला होता. "वाळूची टेकडी गुणगुणते, हे झालं नवल. ती कुणासाठी गुणगुणते असं विचारलंत, की झाली गोष्ट. पण नवल खरं हवं बरं का! हे बघा, मी सगळं तारीखवार टिपून ठेवलंय." त्यानं एक जाडजूड वही उचलून दाखवली.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. अक्षर त्याचं असेल, पण आतली ओळ न् ओळ त्यांची होती; कादंबरी वाचतानाच त्यांनी ते ओळखलं होतं. सहा वर्षांपूर्वी भाऊजींनी त्यांची वही वाचायला म्हणून नेली. मागच्या पानांत त्या नोंदींवरून त्या स्वतः एक गोष्ट लिहीत होत्या. परत मागितली तर म्हणे, "अहो वहिनी, घर बदलताना रद्दीत गेली, काय सांगू तुम्हाला!" आणि वर निर्लज्जपणे दुसरा चहा मागितला.

वहिनींनी हात वर केला. "भाऊजी, एक शंका होती."

लेखकाचं तोंड कसनुसं झालं, पण त्यानं लगेच सावरलं. "या आमच्या वहिनी! विचारा ना."

"अडीच म्हणजे रात्रीचेच ना?"

"रात्रीचेच. वहीत लिहिलंय."

"काळोख होता?"

"मिट्ट! डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा. शास्त्रज्ञसुद्धा हात टेकतात इथे."

"चुकून सकाळ-बिकाळ नव्हती ना?"

सगळे हसले. लेखकही हसला. "सकाळी काय, सूर्य कुणालाही दिसतो, वहिनी."

"आणि तुम्ही स्वतः पाहिलंत? कुणाचं ऐकून नाही?"

"आईची शपथ!"

टाळ्या पडल्या. वहिनी मनात म्हणाल्या, घे, सासूबाईंनाही ओढलंस यात. त्या उठल्या, सरळ पुढे गेल्या, टेबलावरची वही उचलली, चाळली आणि पहिल्या रांगेतल्या प्रकाशकबाईंच्या हातात दिली. कादंबरीवर 'प्रत्यक्ष पाहिलेल्या नवलांची कथा' असं याच बाईंनी छापलं होतं.

"बाई, एकोणिसावं पान जरा मोठ्यानं वाचता?"

बाई वाचू लागल्या. "धुक्यावर माझी लांब सावली. डोक्याभोवती रंगांचं कडं. एक वाजून चाळीस." त्या थबकल्या. "रात्री?"

"पुढचं वाचा."

"गवताच्या देठांतून बर्फाच्या पाकळ्या. ऊन लागताच विरल्या. दोन वाजून पाच."

"रात्रीचं ऊन," मागून कुणीतरी म्हणालं आणि फिस्सकन हसलं.

"भाऊजींचा तरी काय दोष?" वहिनींना माइक लागला नाही. गच्चीवरून खाली आकडे ओरडून सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. "हवामान केंद्रात नोंदीला इथलं घड्याळ चालत नाही. सगळ्या जगाची एकच वेळ धरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हात इतका वळला, की घरच्या वहीतही मी तीच लिहायची. अडीच म्हणजे सकाळचे आठ. कडाक्याची थंडी होती, हवेत बर्फाचे कण होते. अशा वेळी खऱ्या सूर्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य दिसतो. मी पाहिला. तुम्ही तेव्हा अंथरुणात असाल."

लेखक टेबलावरून वाकून पुटपुटला, "वहिनी, घरचं घरात मिटवलं असतं ना! पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो. आभारात."

"आभारात?" वहिनींना त्याची जराही दया आली नाही. उलट बरं वाटलं, गार पाणी प्यायल्यासारखं. "आणि माझी मागची पानं? तीही रद्दीतच का?"

प्रकाशकबाईंनी मान वर केली. "मागच्या पानांत काय होतं?"

"गोष्ट होती. तीन सूर्यांतला खरा कोणता, हेच विसरलेल्या एका राज्याची."

बाईंच्या मांडीवर तीच कादंबरी होती. त्यांनी ती पालथी केली. "तीन वर्षं झाली, मी दुसऱ्या भागासाठी यांच्या मागे लागलेय," त्या सावकाश म्हणाल्या. "रोज नवीन सबब. राज्याला खरा सूर्य सापडतो का हो, शेवटी?"

"त्यांना नाही सांगता यायचं," वहिनी म्हणाल्या. "माझी वही तिथेच संपली होती."

"आणि तुम्हाला?"

वहिनी हसल्या. उत्तर न देता त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पिशवीतून कोरी वही काढली. लेखक अजून माइक धरून उभा होता. वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: पाच वाजून चाळीस. आकाश निरभ्र. लांबचंही स्वच्छ दिसतंय.